पाचव्या घरचं पीठ

१८ जानेवारी २०२६, रविवार
अंदमान

दीपाअक्का,

पाकीट उघडलं की आधी खालची सही बघाल आणि मग वाचायचं की चुलीत घालायचं ते ठरवाल, म्हणून नाव वरच लिहिते. मी सत्यभामा, तुमच्या धाकट्या भावाची बायको. फोनच केला असता, पण माझा नंबर तुम्ही ब्लॉक केलाय, आणि तुमच्या भावाचा तर माझ्याही आधी. कागद ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

तुम्हाला जळवायला लिहितेय असं समजा. बियाण्याच्या कंपनीनं यंदा सोयाबीन जास्त खपवणाऱ्या दुकानदारांना समुद्रावरच्या मोठ्या रिसॉर्टची सहल दिली, जोडीनं. आपलं कळंबचं दुकान त्यात बसलं. पाटीवर तुमच्या भावाचं नाव असलं तरी पेरणीच्या दिवसात गिऱ्हाइकाशी डोकं कोण लावतं हे तुम्हाला माहीत आहे. पण विमान म्हटल्यावर भावानं अंग काढून घेतलं. "तू जा. कुणाला न्यायचं त्याला ने," म्हणाले. मी म्हटलं, मग आईंनाच नेते. ते हसले. आई नाही हसल्या. त्यांनी विचारलं, "समुद्र दिसंल का?" आणि लगेच, "परडी संगं घेता यील का?"

आली परडी. वेताची ती एवढीशी टोपली, कडेनं कवड्या, आत कुंकवाचा करंडा, विमानतळाच्या यंत्रातून आमच्याआधी पलीकडं गेली. तपासणाऱ्या पोरीनं विचारलं, "माताजी, ये क्या है?" आईंनी उत्तर म्हणून तिच्या कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं. पोरगी तशीच कुंकवासकट पुढच्या माणसाची बॅग उपसायला लागली. काडेपेटी मात्र ठेवून घेतली तिनं.

रिसॉर्टचं नाव मला नीट म्हणता येत नाही. बोटीतून उतरल्या-उतरल्या प्रत्येकाच्या हातात शहाळं दिलं, वर जास्वंदीचं फूल आणि नळी. आईंनी फूल परडीत ठेवलं. "नारळ फोडायचा सोडून भोकं पाडत्यात," म्हणाल्या आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाणी ओढलं. खोली कसली, वेगळी बंगलीच आहे. पायऱ्या उतरलं की वाळू, वाळूपुढं समुद्र. पलंगावर टॉवेलचे दोन बगळे चोचीला चोच लावून बसवलेले. आई ते मोडू देईनात, त्यामुळं एवढ्या थाटाच्या जागी आम्ही सासू-सून पदराला तोंड पुसतोय. न्हाणीला छप्पर नाही. वर आभाळ, बाजूला केळी. "मानसं उघड्यावर न्हायला लागू नये म्हणून घर बांधत्यात. हे घर बांधून उघड्यावर न्हात्यात," असं म्हणून आईंनी माझी ओढणी वर बांधायला लावली. तिची अजून झालर लोंबतेय.

आई मजेत आहेत. खातात-पितात. गुडघ्यांची तक्रार नाही. तुमची आठवण काढत नाहीत. एवढंच कळवायचं होतं.

सत्यभामा


१९ जानेवारी, सोमवार

अक्का,

कालच्या पत्राचा शेवट खोटा आहे. पाकीट अजून माझ्याजवळच आहे, तेव्हा खाडाखोड करता आली असती, पण राहू दे. मी तुमच्याशी कशी बोलते तेही तुम्हाला कळू दे.

आई खात नाहीत. जेवणाच्या हॉलमध्ये पदार्थांची जत्रा मांडलेली असते, टोप्या घातलेले आचारी वाकून-वाकून विचारतात, आणि आई वाटीभर दहीभात घेऊन उठतात. गुडघे सुजलेत. आणि तुमची आठवण त्या तोंडानं काढत नाहीत, हे तेवढं खरं. तुमच्या अंगलटीची कुणी बाई पाठमोरी दिसली की मान वळेपर्यंत बघत राहतात.

सोबत ओळखीची माणसं आहेत, ते बरं आहे. तेरखेड्याचे मुजीबभाई आणि त्यांची मिनाज, त्यांचंही बियाण्याचं दुकान. मुजीबभाईंना शुगर, म्हणून मिनाजनं घरून ज्वारीचं पीठ आणलंय आणि इथल्या आचाऱ्याला भाकरी थापायला शिकवायचा चंग बांधलाय. कलबुर्गीकडचे वीरप्पा आणि शांतम्मा आहेत. शांतम्मांना मराठी अर्धं येतं, आईंना कानडी तेवढंच येतं, दोघी तासन्‌तास बोलतात.

आज सकाळी आईंना समुद्राशी नेलं. दुकानात मोरचूद पाण्यात कालवून दाखवतो ना, तसला निळा रंग आहे इथल्या पाण्याचा. आई निऱ्या सावरून घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. बोट बुडवून जिभेला लावलं. "येवढं पानी, अन् चूळ भरता यीना," म्हणाल्या. मी हसले. त्या नाही हसल्या. लाट आली, गेली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सत्यभामे, परडी हितं सोडली तर चालंल का गं?"

माझ्या अंगावर काटा आला. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, मंगळवार-शुक्रवार आई परडी घेऊन निघतात, पाच दारी देवीचा जोगवा मागतात, मूठ-मूठ पीठ आणतात. तुम्ही तर पाळण्यातून बघत आलात. आता गुडघे चालू देत नाहीत, म्हणून माघी पौर्णिमेला तुळजापूरला जायचं आणि परडी देवीच्या पायाशी ठेवून मोकळं व्हायचं, असं त्यांचं दिवाळीपासून चाललंय. लुगडंसुद्धा काढून ठेवलंय. मग हा समुद्र मधेच कुठून आला?

विचारलं तर म्हणाल्या, "अर्ध्या जोगव्याची परडी तुळजापूरच्या आईपुढं कशी ठिवू? तिला काय तोंड दावू?"

अर्धा म्हणजे काय, ते सांगेनात. एवढं मात्र दिसतंय की तुळजापूरला जायची त्यांना जी ओढ आहे ती पुरी व्हायची नाही, असं त्यांनी मनाशी धरलंय. जन्मभर मिरवलेली परडी कुठंतरी परक्या पाण्यात सोडून द्यायची भाषा करतात. मला भीती वाटते अक्का. त्यांच्या मनातलं हे कसं काढू ते मला कळत नाही. तुम्ही लेक आहात, तुम्हाला कळलं असतं.

तुमच्या निकिताला बघायला आलेल्या पाहुण्यांचा दिवस या पत्रात काढायचा नाही, असं ठरवून बसलेय. म्हणून इथंच थांबते.

सत्यभामा


२० जानेवारी, मंगळवार

अक्का,

आई ठीक आहेत. माझ्यासमोर बसून बगळ्याच्या शेपटीची घडी कशी घातलीय ते बघताहेत. हे पहिल्यांदा लिहिते, कारण सकाळी मला हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

सकाळी कंपनीची मीटिंग होती. गार हॉलमध्ये पडद्यावर नव्या वाणाच्या शेंगा दाखवत होते. आई म्हणाल्या, तू जा, मी पडते जरा. चहाच्या सुट्टीत परत आले तर दार सताड उघडं, आई नाहीत. न्हाणीत नाहीत, केळींमागं नाहीत. पायऱ्या उतरले तर वाळूत त्यांच्या चपला. जोडीला जोड लावून, समुद्राकडं तोंड करून.

काल त्यांनी पाण्यात सोडायचं म्हटलं ते परडीबद्दलच ना, असं मी मनाला विचारलं. साडीसकट पाण्यात शिरले, "आई, आई" करत. शिट्टीवाला जीवरक्षक पळत आला. हिंदीत विचारतोय, साडीचा रंग कोणता, आणि मला रंग आठवेना. त्यानं बोट काढली, दुसऱ्यानं दुर्बीण लावली, दोघं-तिघं झाडीत पळाले. मी वाळूत फतकल मारून बसले. तुमच्या भावाला काय सांगू, हे मनात यायच्या आधी तुम्ही आलात. असल्या शिव्या घातल्या मनातल्या मनात तुम्हाला, अक्का, की लिहायची सोय नाही.

तेवढ्यात मिनाज आली. तिनं चपला उचलल्या, वाळू झटकली, माझ्याकडं बघितलं.

"भाभी, आज मंगळवार हाय ना?"

मंगळवारच होता.

"आमच्या दारी आराधनी येत्यात. त्यांच्या पायात चप्पल बघितली कवा तुमी? आन् परडी कुठं हाय?"

परडी खोलीत नव्हती. करंडा नव्हता, कवड्यांची माळ नव्हती. या घरात मी पंचवीस वर्षं काढली, दर मंगळवारी आईंना अनवाणी बाहेर पडताना बघितलं, आणि चपला बघून मी समुद्रात शोधत होते. ओळखलं कुणी, तर मिनाजनं.

मग आम्ही दोघी दारोदार पळालो. शांतम्मांनी आधीच सांगितलं, "बंदु होदरु, येऊन गेल्या." नवरा मीटिंगला आणि ह्या खोलीत शेंगा खात बसलेल्या. दारात मळवट भरलेली बाई बघून त्या दचकल्या नाहीत की हसल्या नाहीत. त्यांच्याकडंही यल्लम्माच्या जोगतिणी येतात. परडीला डोकं लावलं आणि होत्या त्या शेंगा ओंजळभर घातल्या.

दुसरं दार एका गोऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचं. ते आम्हाला हातवारे करून सांगत होते, त्यावरून मी जुळवलं ते असं, की आईंनी दारात उभं राहून "आई राजा उदो उदो" म्हटलं, तर आजीबाई नोट घेऊन आल्या. आईंनी नोट मागं सारली आणि मूठ करून दाखवली, पिठाची. त्यांच्याकडं पीठ कुठलं! नाश्त्याचं दलियासारखं काहीतरी होतं, ते त्यांनी मूठभर घातलं. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. आजींच्या कपाळावर हे एवढं कुंकू होतं आणि त्या ते आरशात बघून आल्यासारख्या खूष होत्या.

आई सापडल्या त्या मागच्या बाजूला, कामाच्या बायका टॉवेलच्या घड्या घालतात त्या खोलीच्या दारात. बंगाली बायका त्या. एकीनं परडीत तांदूळ घातले आणि जीभ फिरवून असा उलू-उलू आवाज काढला की आई म्हणाल्या, "हिला बी ठावं हाय की गं." शेजारी मॅनेजर अवघडून उभा.

"मॅडम," तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "एक गेस्ट का फोन आया था. कोई भीख माँग रही है।"

अक्का, पाण्यातून आल्यामुळं माझी साडी पायाला चिकटलेली, केस सुटलेले, भिकारीण कुणी दिसत असेल तर ती मीच. पण मी एवढ्या मोठ्यानं बोलले की सगळ्या बायकांचे हात थांबले. "भीख नहीं, जोगवा है. पैसा दिया तो वापस करती है, पूछो. देवी के नाम से पाँच घर माँगती है, और ये हमारी आई है." हिंदी माझी मोडकीच. पण त्याला समजलं. त्यानं माफी मागितली आणि कामाच्या माणसासारखं विचारलं, "और कितने घर बाकी हैं?" वर बॅटरीची गाडी देऊ का म्हणाला. आईंनी मान हलवली. जोगव्याला पायीच.

मी आईंना मिठी मारली आणि रडले. इतकं बरं वाटलं, अक्का, काय सांगू. त्या माझ्या पाठीवर थापटत होत्या आणि बोलतही होत्या. "म्या काय बुडाया गेलते व्हय? चपला घालून जोगवा मागतंय का कुनी? तुजं डोस्कं कुठं असतंय गं?"

चौथं घर मिनाजचं. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि ज्वारीचं पीठ घातलं, मूठ भरून, वर अजून थोडं. एवढ्या महागड्या जागी खरं पीठ तेवढ्या एका खोलीत होतं. मी म्हटलं, आई, आता एकच राहिलं, शेजारी कुणीतरी असेल.

"बास," आई म्हणाल्या. "चारच."

बाकीचं उद्या लिहिते. आई बगळा मोडायला निघाल्यात.

सत्यभामा


२१ जानेवारी, बुधवार

अक्का,

आता तो दिवस काढल्याशिवाय पुढं लिहिता यायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी निकिताला बघायला पाहुणे आले होते तो मंगळवार. आई नळदुर्गला मावशींकडं गेल्या होत्या. तिथून सकाळी जळकोटला आल्या. पाहुण्यांचं त्यांना माहीत नव्हतं. तुमच्या गल्लीत चार घरी जोगवा मागितला, आणि पाचवं घर लेकीचं म्हणून तुमच्या दारी. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्या, पाय धुळीनं भरलेले. आत पाहुणे. कुणीतरी विचारलं, कोण आहे. आणि तुम्ही आईच्या तोंडाकडं बघून म्हणालात, "बाई, पुढं जा." आणि दार लोटलं.

हे आईंनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. घरी येऊन एवढंच म्हणाल्या, दीपीकडं पाहुणे हुते. बाकीचं तुमच्या शेजारणीकडून भावाच्या कानावर आलं, त्यांनी फोनवर तुम्हाला नको ते ऐकवलं, तुम्ही नंबर बंद केले, निकिताचं लग्न आमच्याविना झालं. तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. लेक उजवायची असली की पाहुण्यांपुढं आईबापाचीही लाज वाटायला लागते, वाटू नये पण वाटते. कालपर्यंत मलाही वाटायची. बोटीवर आई मळवट भरून बसल्या तेव्हा मी दोन बाकडी सोडून बसले होते. म्हणून मोठेपणा मिरवत नाही. पण मला तुमचा राग येतो, आणि तो येतो हे लिहून टाकते.

आता चारचं ऐका. काल संध्याकाळी पायऱ्यांवर बसलो होतो. मी विचारलं, पाचवं का नको? आईंनी वाळूत बोटानं रेघा मारल्या. मग म्हणाल्या, "पाचवं घर ठरल्यालं हाय. तितलं आल्याबिगर दुसऱ्या दारात पाय ठिवायचा न्हाय."

"कधीपासून?"

"तवापासनं."

अक्का, दोन वर्षं प्रत्येक मंगळवार-शुक्रवारी आई चार घरं मागून परत येताहेत. मला वाटायचं, गुडघ्यांमुळं लवकर येतात. त्या पिठाची भाकरी होईना तेव्हा वाटलं, वयानं विसरतात. ते पीठ त्या गाईला घालत होत्या. अर्धा जोगवा माणसानं खायचा नाही म्हणून. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी म्हटलं, तुम्ही रागानं असं करता का? तर केवढ्यानं खेकसल्या. "राग? लेकीवर? तिचं घर ठिवलंय मी. दुसऱ्या कुनाला दिलं असतं तर तिचं ऱ्हायलं असतं का?"

म्हणून परडी तुळजापूरला नेता येत नाही आणि म्हणून ती समुद्रात सोडायची. पौर्णिमा एक तारखेला आहे. त्याआधी शेवटचा शुक्रवार येतो तो तीस तारखेचा.

तुमच्या आईंनी हे लिहायला सांगितलेलं नाही. त्यांना माहीतही नाही. मला तुमच्याकडून माफी नको, रडणं नको, भावाचं काय चुकलं त्याचा न्याय तर मुळीच नको, तो मी घरात करते. मूठभर पीठ पाहिजे.

सत्यभामा


२४ जानेवारी, शनिवार
कळंब

अक्का, सुखरूप पोचलो. टॉवेलचा एक बगळा आईंनी तिथल्या बायकांकडून शिकून घेतला आणि आल्या-आल्या भावाच्या पंच्याचा करून दाखवला. ही सगळी पत्रं एका पाकिटात घालून आज टपालात टाकतेय. टाकू नये असं दोनदा वाटलं.

सत्यभामा


३१ जानेवारी, शनिवार
कळंब

दीपाअक्का,

काल तुमच्या दारात जे झालं ते तुम्हाला मी काय सांगणार. पण उंबऱ्याच्या बाहेरचं तुम्हाला दिसलं नाही, आणि ते मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

तुमचं उत्तर आलं नव्हतं. रोज टपालवाल्याची वाट बघितली. आईंना तर काहीच माहीत नाही. शुक्रवारी सकाळी मी म्हटलं, आई, चला जळकोटला जाऊ. त्या भाकरी तव्यावर टाकत होत्या. तशाच थांबल्या. भाकरी करपली.

"ती म्हनंल पुढं जा."

"म्हणाली तर पुढं जाऊ. तुळजापूर वाटेतच आहे की."

एसटीत बसल्या खऱ्या. तुळजापूरच्या स्टँडवर उतरून माघारी जाऊ म्हणाल्या. मी गाडीतून उतरलेच नाही, म्हणून त्याही बसून राहिल्या. जळकोटला हायवेवर उतरल्यावर चपला काढून माझ्या पिशवीत दिल्या. तुमच्या गल्लीत त्या पुढं, मी मागं चहाच्या टपरीपर्यंत. तिथं मी थांबले. हे मायलेकींचं होतं.

चार घरं झाली. चौथ्या घरापासून तुमच्या दारापर्यंत केवढंसं अंतर, पण आई तिथं उभ्याच राहिल्या. पदर नीट केला. कवड्यांची माळ आत सारली, मग परत बाहेर काढली. माझा जीव नुसता टांगणीला. टपरीवाला विचारत होता चहा देऊ का, त्याला मी काय उत्तर दिलं देव जाणे.

मग आईंनी हाक दिली. "आई राजा उदो उदो. जोगवा वाढा माय." आवाज बारीक त्यांचा. मला कसाबसा ऐकू आला.

तुम्हाला आला. कारण दार लोटलेलं नव्हतंच. आणि सूप आधीपासून उंबऱ्याच्या आत भरून ठेवलेलं, ते मी टपरीवरनं बघितलं, अक्का. पिठाचं सूप. आतल्या घरातून आणायला तुम्ही गेला नाहीत. नंतर माहेरी आलेल्या निकितानं मला मोरीपाशी हळूच सांगितलं, पत्रं तुम्हाला मंगळवारी सकाळीच मिळाली. "त्या दिवशीही आईनं असंच सूप भरून ठेवलं होतं मामी, आणि दिवसभर रस्त्याकडं बघत बसली होती. जेवली नाही." तीस तारखेचा शुक्रवार मी लिहिला होता, तरी तुम्ही मंगळवारपासून बसलात. हे ऐकलं आणि माझा सगळा राग तिथंच गेला. खोटं सांगत नाही.

तुम्ही मूठ घालायची सोडून सूपच रिकामं केलंत परडीत. निम्मं पीठ उंबऱ्यावर सांडलं. आईंच्या पायावर सांडलं. आणि तुम्ही म्हणालात, "आई, आत ये." मला टपरीवरही ऐकू आलं. टपरीवाल्यालाही. तो म्हणाला, "आता चहा घ्या."

आत मायलेकीचं काय बोलणं झालं ते परत येताना मी विचारलं नाही. दोन वर्षांनी एका ताटात जेवताना मी बघितलंय, मला पुरे. रात्रीच्या जेवणाला पाचही घरचं पीठ एकत्र करून आईंनी भाकऱ्या केल्या. स्वतः थापल्या, मला हात लावू दिला नाही. पहिला तुकडा मोडून तुमच्या भावाच्या ताटात घातला. ते खाली मान घालून खात होते. मधेच म्हणाले, "अक्काकडची गिरणी जाडं दळती." आई म्हणाल्या, "दीपीला जाडंच लागतंय. ल्हानपनापासनं." भावाच्या तोंडून तुमचं नाव दोन वर्षांनी निघालं ते गिरणीवरून, पण निघालं. नंबर तेवढा चालू करा, त्यांना स्वतःहून म्हणवत नाही.

उद्या पौर्णिमा. आम्ही सकाळच्या गाडीनं तुळजापूरला येतोय, तुम्ही तिकडून या. महाद्वारापाशी उभ्या राहा, आईंना गर्दीत दोन बाजूंनी धरायला दोघी लागतील. परडी रात्री पुसून ठेवलीय त्यांनी. समुद्रावरचं ते जास्वंदीचं फूल सुकून काळं झालंय, पण ते काढू देत नाहीत.

एक राहिलं. काल एसटीत बसल्या-बसल्या आईंनी तुमची तक्रार सुरू केली. "आराधनीला कुनी आत बोलवतंय व्हय? जोगवा उंबऱ्यावर घ्यायचा असतोय, अन् फिरायचं असतंय. येवढी जलमभर बघितली, अन् पोरीला तेवढंबी कळंना."

मी म्हटलं, "मग तुम्ही गेलात कशाला आत?"

नळदुर्ग मागं पडत होतं. परडी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर.

"लेक बोलवत हुती न्हवं," म्हणाल्या.

उद्या वेळेवर या.

तुमची
सत्यभामा